रात्री अकराची फ्लाइट, सॅन फ्रान्सिस्को

ऑफिसमधून दमून आलात, खिसा रिकामा, तरी सॅन फ्रान्सिस्को फिरायचंय? मग फ्लाइटगिअर डाउनलोड करा. दमडीही लागत नाही! उन्हाळ्यात आपल्याकडे रात्रीचे अकरा म्हणजे तिथे सकाळचे साडेदहा. ऊन तिथलंच, हवामानही विमानतळाच्या ताज्या रिपोर्टवरून घेता येतं. सेसना 172 घेऊन उडायचं आणि उजवीकडे वळायचं. खाली उपसागर, मग अल्काट्राझचा तुरुंग, पुढे तो लालसर गोल्डन गेट. वा!

1996 मध्ये सुरू झालेला हा खटाटोप जगभरातले हौशी लोक नोकऱ्या सांभाळून करतात. बऱ्याच डोंगरांची उंची 2000 सालच्या स्पेस शटलच्या रडार मोजणीतून आली. पण नावाजलेले पूल, इमारती कुणीतरी रात्री जागून एकेक बांधलेल्या. सॅन फ्रान्सिस्को वर्षानुवर्षं सुरुवातीचा विमानतळ होता, म्हणून त्याचे लाड जास्त.

पुण्यावरून उडालो, तर लकडी पूल काही दिसेना. तक्रार कुणाकडे करणार? इथे ज्याला हवा त्यानंच बांधायचा! फोटोही शक्यतो स्वतःचे, कारण इथलं काम पुढे कुणीही वापरू शकतं. रविवारी सकाळी, ट्रॅफिक नसताना, कॅमेरा घेऊन जातोय. कुणी येतंय?