गुरूने मोकळ्या केलेल्या वाटा

लघुग्रहांच्या कक्षा हा माझा विषय आहे म्हटलं, की प्रश्न ठरलेला असतो : मंगळ आणि गुरू यांच्यामध्ये एक ग्रह होता, तो फुटला, खरं ना? नाही. तिथे ग्रह कधी झालाच नाही. मुख्य पट्ट्यातले सगळे लघुग्रह एकत्र केले तरी ते चंद्राच्या वस्तुमानाच्या तीनेक टक्केच भरतात. त्यातला सुमारे तिसरा हिस्सा एकट्या सेरेसचा.

फुटलेल्या ग्रहाच्या कल्पनेमागे एक मोहक आकडेमोड आहे. योहान टिटियसने १७६६ मध्ये मांडलेली आणि बोडेमुळे गाजलेली. ०, ३, ६, १२, २४ असे दुपटीने वाढणारे आकडे घ्यायचे, प्रत्येकात ४ मिळवायचे, १०ने भागायचं. पृथ्वीचं सूर्यापासूनचं अंतर १ धरलं तर ग्रहांची अंतरं जवळपास तशीच येतात, फक्त २.८ची जागा रिकामी राहते. १७८१ मध्ये युरेनस १९.६च्या अगदी जवळ, १९.२ला सापडला. मग १ जानेवारी १८०१ला पालेर्मोत ताऱ्यांची सूची करताना पियाझीला सेरेस दिसला, अंतर २.७७! पुढे तो सूर्याच्या उजेडात हरवला. चोवीस वर्षांच्या गाउसने मोजक्या निरीक्षणांवरून त्याची कक्षा काढली आणि वर्ष संपता संपता तो पुन्हा सापडला. आमच्या शास्त्रातलं याहून सुंदर गणित मला माहीत नाही. १८०२ मध्ये तेवढ्याच अंतरावर पॅलस मिळाला, तेव्हा ओल्बर्सने फुटलेल्या ग्रहाची कल्पना मांडली.

१८४६ मध्ये नेपच्यून सापडला तो ३०वर. श्रेणीप्रमाणे तो ३८.८वर हवा होता. माझ्या मते ती श्रेणी योगायोगच होती.

सूर्यमालेतली खरी शिस्त डॅनियल किर्कवुडने पाहिली. १८६६ मध्ये, शंभरही लघुग्रह माहीत नसताना, त्याने दाखवलं की त्यांच्या सरासरी अंतरांमध्ये फटी आहेत. २.५च्या आसपास लघुग्रह जवळजवळ नाहीतच. तिथला लघुग्रह सूर्याभोवती तीन फेऱ्या मारतो तेवढ्यात गुरूची एक होते. त्यामुळे दर बारा वर्षांनी त्यांच्या भेटीगाठी त्याच क्रमाने होतात, ओढ त्याच पद्धतीने पुन्हापुन्हा बसते, साचत जाते. एरवी ती इकडेतिकडे विखुरली असती. १९८२ मध्ये जॅक विझडमने संगणकावर दाखवलं की अशी कक्षा लाखो वर्षं शांत राहून अचानक लांबट होते, इतकी की मंगळाच्या वाटेला छेद देते. त्यातल्या काही पुढे पृथ्वीपर्यंत पोचतात. ग्रह घडू न देण्यातही गुरूचाच मोठा हात. त्याच्या प्रभावाखाली दगडांचे वेग वाढले, ते एकमेकांना चिकटण्याऐवजी फोडू लागले.

२.५ची ही फट आणि पट्ट्याच्या आतल्या काठावर शनीमुळे तयार झालेली तशीच एक जागा, पृथ्वीजवळ येणारे लघुग्रह मुख्यतः या दोन वाटांनी येतात. पण आपल्या शेजारात ते फार टिकत नाहीत. काही दशलक्ष वर्षांत बहुतेक सूर्यात पडतात, ग्रहांवर आदळतात किंवा बाहेर फेकले जातात. लोणारचं विवर हा अशाच एका आघाताचा व्रण.

मग फटींना नवे दगड कोण पुरवतं? सूर्यप्रकाश! स्वतःभोवती फिरणाऱ्या दगडाची दुपारी तापलेली बाजू ती उष्णता थोडी उशिरा बाहेर टाकते, आणि त्या किंचित रेट्याने कक्षा हळूहळू सरकते. यार्कोव्हस्की परिणाम तो हाच. अर्धा किलोमीटरच्या गोलेव्का या लघुग्रहावर २००३ मध्ये अरेसिबोच्या रडारने तो प्रत्यक्ष मोजला : १९९१पासूनच्या बारा वर्षांत तो केवळ या रेट्याने सुमारे १५ किलोमीटर सरकला होता.