नोंद न झालेले फेरफार

संकेतस्थळाचं रूप बदललं की पुण्या-मुंबईत त्याची चर्चा होते. अकलूजमध्ये कामाची खोटी होते. गावाला रेल्वे नाही, कुर्डुवाडी नाहीतर पंढरपूर गाठावं लागतं. तहसील माळशिरसला. प्रांत ऑफिस आणि एमएच ४५ चं आरटीओ गावातच असलं तरी तिथलीही बरीच कामं आधी ऑनलाइन अर्ज भरूनच सुरू होतात. स्टेशनची खिडकी, चावडी आणि कचेरी आमच्यासाठी पडद्यावरच्या पानांत जाऊन बसली आहेत. ती पानं एका रात्रीत बदलली की त्यांच्याबरोबर काय काय जातं, ते लिहून ठेवतो आहे.

चार खाने. विभाग पुणे, जिल्हा सोलापूर, तालुका माळशिरस, गाव अकलूज. सातबारा बघायला महाभूलेख उघडलं की हीच वाट असायची. शाळेत न गेलेल्या माणसांनाही ती पाठ झाली. राज्यात महसुलाचे सहा विभाग आहेत आणि सोलापूर पुण्यात मोडतं, हे इकडच्या पुष्कळांना त्या पानानं शिकवलं.

मधील नाव. गट नंबर आठवत नसेल तर नावावरून शोधता येतं: पहिले नाव, मधील नाव, आडनाव, संपूर्ण नाव. आडनाव टाकलं की अर्धं गाव समोर येतं. पहिलं नाव टाकलं की चार पिढ्यांतले सगळे ज्ञानोबा येतात. बापाचं नाव टाकावं, म्हणजे सगळे भाऊ आणि त्यांचे गट एका ठिकाणी सापडतात. ही युक्ती कुठल्या पुस्तिकेत छापलेली नाही. लोकांनी ती वापरता वापरता शोधली आणि वेळापूर, नातेपुते, महाळुंगपर्यंत एकमेकांना सांगितली. पान बनवणाऱ्याला ती ठाऊक असण्याचं कारण नाही. म्हणून पुढच्या बदलात असला एखादा खाना 'कुणी वापरत नाही' म्हणून उडाला, तर काय उडालं हेही त्याला कळणार नाही.

भिंतीवरचा कागद. ऑनलाइन कामं करून देणाऱ्या दुकानात काउंटरच्या मागे एक ए-फोर कागद चिकटवलेला असायचा. कुठल्या दाखल्याला काय लागतं, फोटो किती केबीचा, सही किती केबीची, कुठलं बटण दोनदा दाबायचं नाही. कडेला पेनानं वाढवलेल्या ओळी: 'रात्री अकरानंतर लवकर होतं', 'ओटीपी येईपर्यंत मागे जाऊ नये'. दुकानदाराची सगळी कमाई त्या कागदात होती. पान बदललं आणि सकाळी कागद रद्दीत गेला. त्या दिवशी रांगेत एक म्हातारे गृहस्थ होते. आपलं बटण त्यांना नेमकं ठाऊक होतं. पडद्याकडे बोट करून म्हणाले, "आरं, कालपतोर हितंच हुतं की." दुकानातला मुलगा म्हणाला, "तात्या, पान बदललंय. मलाबी सापडंना." दोघंही बराच वेळ शोधत राहिले. मागं रांग वाढत गेली. त्या मुलाचा आवाज पडला होता. त्याच्याकडून काही चुकलं नव्हतं आणि तरी तो प्रत्येकाची माफी मागत होता. मला राग आला तो यासाठी.

असा राग जिथं मोठ्यानं व्यक्त झाला, तिथलीही नोंद घेतली पाहिजे. प्राप्तिकराचं जुनं पोर्टल २०२१ मध्ये १ ते ६ जून बंद ठेवलं आणि ७ जूनच्या रात्री पावणेनऊला नवं सुरू झालं. कंत्राट इन्फोसिसकडे, ४,२४२ कोटी रुपयांचं. त्याच रात्रीपासून लोकांनी अर्थमंत्र्यांच्या ट्विटर खात्यावर तक्रारींचा पाऊस पाडला: लॉगिन होत नाही, ओटीपी येत नाही, जुनी विवरणपत्रं दिसत नाहीत. दुसऱ्या दिवशी निर्मला सीतारामन यांनी इन्फोसिस आणि नंदन निलेकणी यांना उद्देशून जाहीरपणे लिहिलं की करदात्यांना निराश करू नका. तरी अडचणी उरल्याच. ऑगस्टमध्ये पोर्टल सलग दोन दिवस बंद पडलं. २३ ऑगस्टला इन्फोसिसचे प्रमुख सलील पारेख यांना अर्थमंत्रालयात बोलावून १५ सप्टेंबरची मुदत दिली गेली. विवरणपत्रांची ३१ जुलैची तारीख पोर्टल सुरू होण्याआधीच ३० सप्टेंबरवर गेली होती, ती मग ३१ डिसेंबरवर गेली.

या गोंधळात गेलेली वस्तू: एक्सएमएल फाइल. जुन्या पोर्टलसाठी कर सल्लागार ती तयार करायचे आणि चढवायचे. नव्यानं जेसन मागितली. मोठ्या शहरातल्या कार्यालयात सॉफ्टवेअरवाला येऊन ते करून गेला. तालुक्याच्या गावात खत दुकानदार, ट्रॅक्टरचे एजंट आणि ऊस वाहतूकदार यांची विवरणपत्रं भरणाऱ्या एकट्या माणसानं ते रात्री जागून शिकून घेतलं. त्याचं बिल कुणाला लावायचं?

सातबाऱ्यावरचा कंस. इकडे आजही म्हणतात, 'त्याच्या नावाला कंस झाला.' म्हणजे ते नाव उताऱ्यावरून कमी झालं. फेडलेल्या कर्जाचा बोजा कंसात, मयत खातेदार कंसात. सप्टेंबर २०२० मध्ये महसूल विभागानं उताऱ्याचा नमुना बदलला तेव्हा खोडलेल्या मजकुरावर आडवी रेष आली. गावाचा कोड आला, एकूण क्षेत्र स्वतंत्र दिसू लागलं, नावापुढं खाते क्रमांक आला, दोन खातेदारांच्या मधे तुटक रेघ आली, शेवटच्या फेरफाराचा क्रमांक आणि प्रलंबित फेरफारही उताऱ्यावरच छापले जाऊ लागले.

हा बदल मला मनापासून आवडतो. प्रलंबित फेरफार उताऱ्यावर दिसायला लागल्यानं जमीन घेणाऱ्याची केवढी तरी फसगत टळते. कंसात कोण आणि कंसाबाहेर कोण, हे फिकट झेरॉक्सवर ओळखताना डोळे फुटायचे, ते थांबलं. तेव्हा बदलांची यादी वर्तमानपत्रांतून आली होती. काय गेलं, त्या जागी काय आलं, हे लोकांनी वाचलं, पारावर चर्चा झाली आणि विषय संपला. खेड्यातला माणूस बदलाच्या विरोधात असतो, असं जे सर्रास बोललं जातं, ते मला या एका उदाहरणावरूनच मान्य नाही. त्याला आधी सांगावं लागतं, इतकंच.

हस्तलिखित उताराही गेला. तलाठ्याचं अक्षर, निळी शाई, गोल शिक्का. आता १५ रुपये भरून डिजिटल सहीचा सातबारा घरी निघतो आणि तो सगळीकडे चालतो. अक्षरासाठी मी हळहळणार नाही. मात्र तलाठ्याशी चार शब्द बोलता यायचे. "अण्णासाहेब, हे क्षेत्र चुकलंय बघा" म्हटलं की तो मान वर करून बघायचा तरी. आता त्या पदालाही ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं.

ऑर्कुट. ३० सप्टेंबर २०१४ ला बंद. गावाच्या, शाळेच्या नावाच्या कम्युनिट्या, मित्रांनी लिहिलेली टेस्टिमोनियल, सायबर कॅफेत तासावर पैसे मोजून वाचलेले स्क्रॅप. कॅफेतली नावं-पत्ते लिहायची वहीही त्याच्याबरोबर गेली.

चौकोन. युनिकोड सगळीकडे पोचण्याआधी मराठी वर्तमानपत्रांच्या संकेतस्थळांवर आधी फॉन्ट उतरवून घ्यावा लागायचा. नसेल तर अक्षरांच्या जागी चौकोन किंवा इंग्रजी अक्षरांचा कचरा. युनिकोड आलं ते उत्तमच झालं. पण श्रीलिपी, आकृतीसारख्या सॉफ्टवेअरमध्ये तेव्हा जुळवलेला मजकूर, लग्नपत्रिका, स्मरणिका, आखाड्यांची हँडबिलं, लावणी महोत्सवाची पत्रकं, नुसता उचलून आजच्या पानावर ठेवला की तोच कचरा दिसतो. डीटीपीवाल्यांच्या जुन्या हार्डडिस्कमध्ये गावाचा दहा-पंधरा वर्षांचा इतिहास असा पडून असेल. कुणीतरी तो बसून पालटून घ्यायला हवा. हे काम अजून होण्यासारखं आहे.

निघून जाण्याची मुभा. ही नोंद मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. अमेरिकेत डिग नावाचं संकेतस्थळ होतं. लोक बातम्यांचे दुवे टाकायचे, मतं द्यायचे, जास्त मतांची बातमी वर चढायची. २५ ऑगस्ट २०१० ला त्यांनी चौथी आवृत्ती आणली आणि लोकांनी टाकलेल्या दुव्यांपेक्षा प्रकाशकांचे दुवे पुढं दिसू लागले. वापरणाऱ्यांनी काय केलं? डिगचं पहिलं पान प्रतिस्पर्धी रेडिटच्या दुव्यांनी भरून टाकलं आणि मग झुंडीनं तिकडेच राहायला गेले. दोन वर्षांत डिगचं नाव आणि संकेतस्थळ सुमारे ५ लाख डॉलरला विकलं गेलं. फेसबुकनं २००६ मध्ये न्यूज फीड आणलं तेव्हा काही दिवसांत लाखो विद्यार्थी त्याच्या विरोधात फेसबुकवरच एकत्र आले. कंपनीनं फीड ठेवलं, पण झुकरबर्ग यांना माफी मागावी लागली आणि कुणाला काय दिसावं हे ठरवण्याची सोय द्यावी लागली. रेडिटनं स्वतः २०१८ मध्ये रूप बदललं तेव्हा जुनं रूप वेगळ्या पत्त्यावर चालू ठेवलं. विकिपीडियावरही नवा साज आला, पण खातं असलेल्याला पसंतीच्या पानावर जाऊन जुना देखावा निवडता येतो. मराठी विकिपीडियावरसुद्धा.

माळशिरस तालुक्यातल्या शेतकऱ्याला कुठं जाता येतं? सातबाऱ्याचं दुसरं दुकान नाही. लायसन्सचं दुसरं पान नाही. पोरीच्या शिष्यवृत्तीचं, आईच्या निराधार पेन्शनचं दुसरं पोर्टल नाही. डिगवरच्या माणसाला नवं पान आवडलं नाही म्हणून त्यानं गाव सोडलं. इथं नावडतं पान उघडून त्यातूनच पुढं जावं लागतं आणि मुदत टळली तर दंड आपल्यालाच. म्हणून खाजगी कंपनीपेक्षा सरकारी पानावर जुनं रूप काही काळ शेजारी ठेवण्याचं बंधन जास्त असायला हवं. आज ते कमी आहे.

हरकतीचे पंधरा दिवस. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६, कलम १५०. कुणाच्या सातबाऱ्यावर एका नावाचा बदल करायचा झाला तर फेरफार नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना सहामध्ये नोंद पडते. नोंदीची प्रत चावडीवर लागते, हितसंबंधितांना नमुना नऊची नोटीस जाते, हरकतीसाठी पंधरा दिवस मिळतात. हरकत आली तर ती विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत चढते, सुनावणी होते, निर्णय होतो, तो पटला नाही तर अपील. अर्ध्या गुंठ्यासाठीसुद्धा एवढं सगळं. आपल्या आजोबा-पणजोबांनी या पद्धतीवर विश्वास टाकला तो उगाच नव्हे. काही बदललं जाणार असेल तर ज्याचं बदलतंय त्याला आधी कळलं पाहिजे आणि नाही म्हणायला जागा असली पाहिजे, हे तिच्यात पक्कं लिहिलेलं आहे.

तो उतारा ज्या पानावर दिसतो, त्या पानाच्या बदलाला मात्र नोटीस नाही, चावडी नाही, पंधरा दिवस नाहीत. 'आपला अभिप्राय कळवा' असं खाली लिहिलेलं असतं. तिथं लिहिलेल्याचं काय झालं हे कळत नाही. चावडीवर जशी नोटीस लागते तशी येणाऱ्या बदलाची नोटीस पानाच्या डोक्यावर लागावी, नवं पान आधी बाजूला उघडून द्यावं, आलेल्या हरकती आणि त्यांवरचे निर्णय सगळ्यांना वाचता यावेत. पद्धत तयार आहे, कायदा त्याच खात्याचा आहे.

पीकपाहणीची फेरी. तलाठी बांधावर येऊन कुठल्या गटात काय उभं आहे ते गाव नमुना बारामध्ये लिहायचा. निदान तशी रीत होती. पुष्कळदा तो चावडीत बसूनच मागच्या वर्षीचा ऊस याही वर्षी लिहायचा, हे गावाला ठाऊक होतं. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणीचं ॲप राज्यभर आलं. शेतकऱ्यानं स्वतः शेतात उभं राहून फोटो काढायचा आणि पीक नोंदवायचं. कल्पना चांगलीच होती, आपल्या पिकाची नोंद आपल्या हाती आली. पण ॲपची नवी आवृत्ती आली की जुनी काढून टाका, पुन्हा नोंदणी करा, सर्व्हर चालत नाही, ओटीपी येत नाही, उभ्या उसात रेंज नाही. राज्यभरातून हंगामामागून हंगाम या तक्रारी आल्या आणि मुदती वाढवाव्या लागल्या. नोंद नसली तर विमा, अनुदान आणि हमीभावाची खरेदी अडते, म्हणून ओरड दाबून ठेवण्यासारखी नव्हती. शेवटी शासनानं गावोगावी सहायक नेमले. शेतकऱ्याकडून राहिलेली नोंद तो सहायक आता प्रत्यक्ष शेतात जाऊन करतो.