सीमेपलीकडे आपण कोण? – केळापूर ते लुंबिनी

केळापूर म्हटले की बाहेरच्या माणसाला दोन गोष्टी आठवतात. एक जगदंबेचे देऊळ आणि दुसरा हायवे. तालुक्याचे नाव केळापूर, पण तहसील, कोर्ट, बाजार सारे पांढरकवड्यात. श्रीनगरहून कन्याकुमारीला जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४४ इथूनच जातो. पुढे पाटणबोरी, आणि पैनगंगा ओलांडली की तेलंगणातला आदिलाबाद जिल्हा. या रस्त्याच्या कडेला चहाच्या टपरीवर तासभर बसावे, सारा देश डोळ्यांसमोरून जातो. ट्रकवर कुठे गुरुमुखी अक्षरे, कुठे तामिळ, कुठे तेलुगू. कुणाच्या काचेवर देव, कुणाच्या मागे गावाचे नाव. आपण कोण आणि कुठले, हे प्रत्येक गाडी अंगावर मिरवीत धावत असते.

क्रमांक बदलण्याआधी हाच रस्ता राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ७ होता. त्याचे एक टोक कन्याकुमारीला आणि दुसरे वाराणसीला. वाराणसीला लागूनच सारनाथ. म्हणजे जिथे तथागतांनी पहिले प्रवचन दिले त्या भूमीकडे जाणारा रस्ता आमच्या तालुक्याच्या दारातूनच जात होता. पण आमच्या आईवडिलांना या रस्त्याचा उपयोग मजुरीला जाण्यापुरता आणि कापूस बाजारात नेण्यापुरता. तो पुढे कुठे जातो हे विचारायला सवड कोणाला होती?

आता सवड काढली जाते. हिवाळ्यात कापसाचे दोन पैसे हातात आले, नोकरदाराची रजा मंजूर झाली, की आमच्या भागातून धम्मसहली निघतात. बोधगया, सारनाथ, कुशीनगर, श्रावस्ती आणि लुंबिनी. यातली लुंबिनी नेपाळात आहे. आमच्या कितीतरी आयाबहिणींच्या आयुष्यातला हा पहिला परदेश, आणि बहुतेकींचा शेवटचाही. म्हणूनच परदेशात आपण स्वतःची ओळख कशी सांगतो, हा प्रश्न केवळ विमानाने फिरणाऱ्यांचा नाही. आमच्या वस्तीतल्या, भिशी लावून सहलीचे पैसे भरणाऱ्या बाईचाही आहे.

आमची बस निघताना पहिला वाद झाला तो झेंड्यावरून. पुढे निळा झेंडा आणि पंचशील ध्वज लावायचा यावर सर्वांचे एकमत होते. तरुण मंडळी म्हणाली, परदेशात चाललो आहोत, तिरंगाही पाहिजे. एकाने तर बॉनेटवर भला मोठा तिरंगा अंथरून दोरीने बांधायला घेतला. तेव्हा एका निवृत्त शिक्षकांनी त्याला थांबवले. राष्ट्रध्वज गाडीच्या बॉनेटवर, टपावर किंवा बाजूला पांघरता येत नाही, त्यावर कसलाही मजकूर लिहिता येत नाही. हे २००२ च्या ध्वजसंहितेत स्पष्ट आहे. सर म्हणाले, “अरे, त्या ध्वजाच्या समितीत बाबासाहेब होते. आपल्या हातून त्याचा मान कमी होता कामा नये.”

ही गोष्ट मुलाबाळांना सांगावी अशी आहे. १९४७ साली घटना समितीने राष्ट्रध्वज ठरविण्यासाठी डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिच्या सभासदांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. २२ जुलै १९४७ रोजी घटना समितीने तिरंगा स्वीकारला आणि त्याच्या मधोमध सारनाथच्या अशोकस्तंभावरील चोवीस आऱ्यांचे चक्र आले. २६ जानेवारी १९५० पासून त्याच स्तंभावरचे सिंह आपली राजमुद्रा झाले. तेव्हा पंचशील ध्वज आपला आणि तिरंगा इतरांचा, असा हिशेब कुणी मांडू नये. पंचशील ध्वजाची कथाही देशोदेशींची आहे. तो १८८५ साली श्रीलंकेत तयार झाला आणि पुढे जगभरच्या बौद्धांनी आपलासा केला. तो कोणत्याही एका राष्ट्राचा नाही. सीमेपलीकडे दोन्ही न्यावेत, पण कोणता कशाची ओळख सांगतो हे नेणाऱ्याला ठाऊक असावे.

गोरखपूरहून शंभरएक किलोमीटरवर सोनौली. तिथे भारत संपतो. एक कमान मागे पडते, दुसरी कमान लागते आणि आपण नेपाळात. १९५० च्या करारामुळे आपल्याला व्हिसा लागत नाही. गाडीसाठी मात्र ‘भन्सार’ भरावा लागतो. भन्सार म्हणजे तिथली जकात. बसवाला कागद घेऊन खिडकीवर गेला तोवर आमच्या लोकांनी परदेश पाहून घेतला. नेपाळचे घड्याळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटे पुढे. आपल्या शंभर रुपयांचे तिथले एकशे साठ. दुकानावर फडकणारा त्यांचा झेंडा चौकोनी नाही, एकावर एक दोन त्रिकोण.

तिथे एक गोष्ट मनात घर करून गेली. दुकानदार, रिक्षावाला, लॉजवाला, जो तो एकच विचारी, “कहाँ से आए?” आमच्या बायका सांगत, “इंडिया से.” प्रश्न तिथेच मिटे. आडनाव कोणी विचारले नाही. आपल्याकडे नव्या गावी खोली भाड्याने घ्यायची तर नाव सांगून भागत नाही. आडनाव, मग गाव, मग गावातला मोहल्ला, असे खोदत खोदत माणूस जातीपर्यंत पोचतो. आयुष्यभर या चौकशीला उत्तर देत आलेल्या बाईला ‘इंडिया’ हा एकच शब्द पुरला. आमच्यातली एक मावशी लुगड्याचा पदर सावरीत म्हणाली, “इथं मी नुसती भारतातली बाई हाओ.” तिने हातात झेंडा घेतला नव्हता. तरी तिच्याइतके भारतीय त्या बसमध्ये कोणी नव्हते.

पण सीमा ओलांडली म्हणजे जात संपली, असे समजून कोणी निर्धास्त होऊ नये. नेपाळात १८५४ च्या मुलुकी ऐन या कायद्यानेच जातींची उतरंड पक्की केली होती. कायद्याने भेद उठला तो १९६३ साली. कामी, दमाई, सार्की या समाजांचे भोग आपल्याच ओळखीचे. आणि दूर अमेरिकेत, जिथे आपली शिकलेली मुले नोकरीला गेली, तिथेही आपल्या देशबांधवांनी सामानाबरोबर जात नेली. म्हणून सिअ‍ॅटल शहराला फेब्रुवारी २०२३ मध्ये जातिभेदाविरुद्ध कायदा करावा लागला. अमेरिकेतले ते पहिले शहर. १५ ऑगस्टला परदेशात तिरंगा घेऊन मिरवणूक काढणारा माणूस दुसऱ्या दिवशी कचेरीत आपल्याच देशबांधवाचे आडनाव चाचपडत असेल, तर त्याने नेमकी कोणती ओळख मिरवली?

लुंबिनीत देशांची जणू जत्राच असते. जपानी वास्तुशिल्पी केंझो तांगे यांनी १९७८ साली पूर्ण केलेल्या आराखड्याप्रमाणे मधोमध कालवा, पूर्वेला थेरवादी देशांचे विहार, पश्चिमेला महायानी. थायलंडचा विहार पाहताच थायलंड ओळखू यावा, म्यानमारचा पाहताच म्यानमार. श्रीलंकेचे उपासक पांढऱ्याशुभ्र कपड्यांत रांगेने चालतात. म्यानमारच्या बायकांच्या गालांवर थनाका लेप. थाई यात्रेकरूंच्या पुढे त्यांचा माणूस छोटा झेंडा उंच धरून चालतो, मागची म्हातारी माणसे त्या झेंड्याकडे पाहत गर्दीतून वाट काढतात. ओळख सांगण्याचा हा प्रकार आम्हाला आवडला. झेंडा कुणाला डिवचण्यासाठी नाही, आपला माणूस चुकू नये म्हणून. तिकिटाच्या खिडकीवरही देश विचारतात, कारण नेपाळी, सार्क देशांचे आणि इतर अशा प्रत्येकासाठी दर वेगळा. पण मायादेवी मंदिराशी पोचले की सर्वांनाच चपला काढाव्या लागतात आणि आवाज आपोआप खाली येतो.

वाद झाला तो बाहेर, चहाच्या दुकानात. बुद्ध नेपाळात जन्मले, असे लिहिलेले स्टिकर तिथे जागोजागी दिसतात. आमच्यातला एक तरुण दुकानदाराला म्हणाला, बुद्ध तर भारताचे. दुकानदार उसळला. ही जखम तिथे ओलीच आहे. २०२० च्या ऑगस्टमध्ये आपल्या परराष्ट्रमंत्र्यांच्या एका वाक्यावरून नेपाळात नाराजी उसळली, तेव्हा बुद्धांचा जन्म नेपाळमधील लुंबिनीत झाला याबद्दल शंका नाही, असा खुलासा आपल्या परराष्ट्र खात्याला करावा लागला होता. इथे तर आवाज चढू लागले. तेवढ्यात तीच मावशी मध्ये पडली. म्हणाली, “मायादेवी माहेराले निंगाली होती. वाटेत बाळंत झाली. लेकरू सासरचंबी अन् माहेरचंबी. त्यात भांडन कायचं?” कोणीतरी ते हिंदीत सांगितले. दुकानदार हसला आणि त्याने तिच्या चहाचे पैसे घेतले नाहीत.

मावशीने शाळा पाहिलेली नाही, पण तिने सांगितले ते इतिहासाला धरून आहे. त्या काळी आजचा भारत नव्हता, आजचा नेपाळही नव्हता. शाक्य होते, कोलिय होते, आणि त्यांच्यामधली वाट होती.

मंदिराशेजारी अशोकाचा स्तंभ आहे. १८९६ साली तो उजेडात आला. सम्राट अशोक राज्याभिषेकानंतर विसाव्या वर्षी इथे आला. तोही परगावचा प्रवासीच. त्याने स्तंभ उभारून आपले नाव कोरले, बुद्ध शाक्यमुनींचा जन्म इथे झाला अशी नोंद केली, आणि लुंबिनी गावाचा एक कर माफ करून सारा आठव्या हिश्श्यावर आणला. पाहुणा राजा गावात आला आणि गरिबांचा कर हलका करून गेला. त्याचे राज्य गेले, झेंडा कसा होता ते कुणाला ठाऊक नाही, पण ही नोंद सव्वादोन हजार वर्षांनंतरही वाचता येते. प्रवाशाने आपली खूण कशी मागे ठेवावी, याचा याहून चांगला दाखला मिळणार नाही.

दुसरा दाखला बाबासाहेबांचा. १९३० साली लंडनच्या गोलमेज परिषदेत ते उभे राहिले. आपल्या देशात अस्पृश्यांचे काय हाल आहेत हे त्यांनी जगासमोर लपविले नाही. इंग्रजी राज्याने ते हाल दूर केले नाहीत हेही सुनावले, आणि लोकांचे राज्य मागितले. परदेशात देशाची लाज झाकणे हेच देशप्रेम, असे त्यांनी कधी मानले नाही. नागपूरची दीक्षा १४ ऑक्टोबर १९५६ ची. त्यानंतर महिनाभरात, आजारी शरीराने ते काठमांडूला जागतिक बौद्ध परिषदेला गेले आणि २० नोव्हेंबरला बुद्ध आणि कार्ल मार्क्स या विषयावर बोलले. सोळा दिवसांनी त्यांचे महापरिनिर्वाण झाले. आमच्या मावशीने नेपाळची कमान ओलांडली ती त्यांच्याच मागून.

यंदा जी कुटुंबे निघणार आहेत त्यांना एवढेच सांगणे. मतदार ओळखपत्र जवळ ठेवा. नोटा शंभराच्याच ठेवा म्हणजे अडचण येत नाही. झेंडा न्या, पण जमिनीला लागू देऊ नका, फाटला तर कचऱ्यात टाकू नका, आणि दुसऱ्याच्या अंगणात त्याच्या झेंड्यापेक्षा उंच धरू नका. जयघोष करा, पण ध्यानाला बसलेल्या माणसाच्या कानाशी नको. लॉज सोडताना खोली झाडून निघा. आपण गेल्यावर तो लॉजवाला पुढच्या बसला म्हणेल, “महाराष्ट्राची माणसं होती, बाबासाहेबांची.” तुमची ओळख काय ती त्याच्या तोंडून निघू द्या.