कोंडवाडा

कोंडवाड्याशी माझा परिचय घडला तो आमच्या पंढरपुरी म्हशीमुळे, आणि पुढे नोकरीत तो दृढ झाला तो 1871 च्या गुरांच्या अतिक्रमणाच्या कायद्यामुळे. या दोहोंपैकी माणसांची पारख अधिक कोणाला, असे विचारल्यास मी निःसंकोच म्हशीचे नाव घेईन.

म्हशीच्या कातडीत घर्मग्रंथी विरळ, त्यामुळे वैशाखातील दुपारी कृष्णेच्या डोहाची जी अनिवार ओढ तिला लागे, तिच्यापुढे अंबाडीचे दावे टिकणे शक्यच नव्हते. ती सुटली की वडील धोतराचा सोगा खोचून उजव्या अंगाने, काका काठी घेऊन डाव्या अंगाने, आम्ही पोरे मागून आरडाओरडा करीत आणि आई पेंडीची पाटी घेऊन दारात, असा व्यूह सिद्ध होई. तो प्रत्येकाने स्वतंत्रपणे रचलेला असे, एवढाच त्यातला दोष. काका ‘आडवे व्हा’ म्हणून ओरडत, वडील ‘वाट सोडा’ म्हणून. आणि या मतभेदाचा लाभ घेऊन म्हैस नदीऐवजी शेजारच्या मळ्यातील हिरव्यागार कडवळात शिरे. तिथून मळ्याच्या गड्याने तिला कोंडवाड्यात नेणे हे ओघानेच आले.

कोंडवाडा म्हणजे दगडी भिंतींचे, छप्पर नसलेले आवार. त्याचे दार इतके अरुंद, की खांद्यांमागे गेलेली तिची लांब शिंगे सरळ आत जात ना. मग ती मान तिरकी करून आधी एक शिंग, मग दुसरे, अशी सराईतपणे आत शिरे. वडील दंड आणि वैरणखर्च भरून पावती घेत. पावतीवर ‘म्हैस एक, रंग काळा’ एवढीच तिची ओळख!

एकदा मात्र गडी तिला नेत असता आजी रस्त्यात उभी राहिली. ‘‘म्हस माझी, कोंडणारा तू कोन रं?’’ एवढे बोलून, म्हशीला हाक मारून ती घराकडे चालू लागली, आणि म्हैसही गड्याच्या हाताला हिसडा देऊन मुकाट तिच्या मागोमाग. दिवाळीच्या पाडव्याला कोल्हापुरात सजवलेल्या म्हशी मालकाच्या मोटारसायकलीमागे धावताना मी पुष्कळ वर्षांनी पाहिल्या, तेव्हा आमचा अवघा व्यूह उलट्या बाजूने रचलेला होता हे ध्यानी आले.

मामलेदार कचेरीत कारकून म्हणून रुजू झाल्यावर कोंडवाड्यांच्या हिशेबाची तपासणी माझ्याकडे आली. मूळ कायद्यातील दंडाचे कोष्टक मोठे मनोरंजक: हत्तीला दोन रुपये, उंट वा म्हशीला आठ आणे, गाईबैलांना चार आणे, शेळीला एक आणा. बेवारशी जनावराची दवंडी पिटायची, मुदतीत मालक न आल्यास लिलाव करायचा, आणि खर्च वजा जाता उरलेली रक्कमही तीन महिन्यांत कोणी न मागितल्यास सरकारजमा. कायदेकर्त्याने हत्तीपासून करडापर्यंत सर्वांचा विचार केला होता. आजीचाही केला होता. कोंडवाड्याच्या वाटेवरून जनावर सोडवून नेणाऱ्यास 24 व्या कलमान्वये सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा पाचशे रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

सुट्टीत घरी गेलो असता हे कलम मी आजीला मोठ्या हुद्देदारी थाटात वाचून दाखवले. तिने हातातले काम न थांबवता सगळे ऐकून घेतले, आणि विचारले, ‘‘आन् सा म्हैनं धार कोन काढनार हुतं? तुजा साहेब?’’