काजव्यांच्या गावी एक रात्र

मुलांनो, काजवा कधी हातात घेऊन पाहिलाय? मी लहान असताना आजीच्या अंगणात पहिल्या पावसाच्या आधी दोन-चार काजवे यायचे. आम्ही ते ओंजळीत धरायचो. बोटांच्या फटीतून हिरवा उजेड झिरपायचा आणि चटका मात्र अजिबात बसायचा नाही. त्याचं मला फार नवल वाटे. पुढे डी.एड.ला असताना कळलं की तो ‘थंड प्रकाश’. पण थंड प्रकाश हे शब्द फळ्यावर लिहिणं वेगळं आणि तो तळहातावर धरणं वेगळं.

मी सिन्नर तालुक्याच्या कोरड्या, पूर्वेकडच्या बाजूला शिकवते. तिथे काजवे अगदी क्वचित. माझ्या नऊ वर्षांच्या लेकीने तर एकही पाहिलेला नव्हता. तिला शब्द दिला होता, या सुट्टीत भंडारदऱ्याला नेईन. शब्द दिला की मुलं तो विसरत नाहीत, हे शिक्षिकेने तरी विसरू नये! वर्गालाही सांगून बसले होते, “जूनमध्ये शाळा उघडली की काजव्यांची गोष्ट सांगेन.”

भंडारदरा हे अहिल्यानगर (तेव्हाचा अहमदनगर) जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात. प्रवरा नदी रतनगडाच्या बाजूला उगम पावते आणि इथे विल्सन धरणात अडते. हे धरण १९२६ साली पूर्ण झालं. म्हणजे तुमच्या पणजोबांच्या वेळचं! मागचा परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा. मे महिना संपत आला, वळवाचा एखादा शिडकावा झाला, की इथल्या हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ, उंबर अशा झाडांवर काजवे लखलखू लागतात. पाऊस जोरात सुरू झाला की खेळ संपला. जेमतेम काही आठवड्यांचा मामला.

मी कॅलेंडर काढून बसले. काजवे बघायचे तर अंधार हवा. पौर्णिमा होऊन आठवडा गेला की चंद्र मध्यरात्रीनंतर उगवतो. म्हणून १० जून २०२३ चा शनिवार ठरवला. तळ्याकाठच्या एका तंबूवाल्याला फोन केला. तो म्हणाला, “मॅडम, वीसच तंबू आहेत आपले. एकदम शांत. समोर पाणी, मागे काजव्यांचं झाड. माणशी बाराशे, मुलांचे अर्धे, जेवण त्यातच.” आम्ही चौघं. मी, मुलांचे बाबा, लेक आणि आठवीतला भाचा. शिक्षकाच्या खिशाला ही रक्कम लहान नाही. तरी निम्मे पैसे आगाऊ पाठवले.

सिन्नरहून घोटी, घोटीहून बारीमार्गे शेंडी. असा एस.टी.चा प्रवास. मार्च २०२३ पासून बायकांना एस.टी.त अर्धं तिकीट झालं होतं, त्यामुळे मी आणि लेक ऐटीत! बारीच्या अलीकडे कळसूबाई दिसलं. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर, १६४६ मीटर. भाच्याने लगेच मान वाकडी करून वर पाहिलं आणि म्हणाला, “मावशी, एवढंच?” शिखरं खालून पाहिली की असंच वाटतं. भातखाचरं नांगरून पेरणीची वाट बघत पडलेली होती, बांधावर बायका काटक्या गोळा करत होत्या. इथवर सगळं छान होतं.

पुढे मात्र बस मुंगीच्या पावलाने चालू लागली. रस्ताभर मोटारी. काही काचा खाली, काही टपावर पोरं बसलेली, हॉर्नचा नुसता कल्लोळ. शेंडीत उतरून जीप पकडली. वनखात्याच्या चौकीवर पावती फाडायला रांग. पाच किलोमीटरला दीड तास लागला. तंबूंपाशी पोचलो तेव्हा दिवस मावळला होता.

वीस तंबू? लेकीने मोजायला सुरुवात केली आणि बहात्तरवर सोडून दिली. तंबू इतके चिकटून होते की एकाची दोरी दुसऱ्याच्या दारात खुंटीला बांधलेली. चालताना जो तो अडखळत होता आणि जो तो समोरच्यावर खेकसत होता. मधोमध बांबूवर दोन मोठे फोकस, शेजारी घरघरणारा जनरेटर, आणि लग्नात असतात तसे दोन साउंड बॉक्स. गाणं कोणतं होतं ते सांगत नाही, शब्द तुमच्यासमोर उच्चारण्यासारखे नव्हते.

टेबलापाशी बसलेल्या माणसाला नाव सांगितलं. वर न बघता तो म्हणाला, “तंबू फुल झालेत. तीन माणसांचा एक आहे, त्यात भागवा.”

“अहो, आम्ही चौघांचे पैसे भरलेत!”

“मग मी काय करू? शनिवार आहे. पटत असेल तर घ्या, नाहीतर मागं रांग आहे.”

मुलांचे बाबा तसे शांत स्वभावाचे, पण त्यांच्या कानशिला लाल झाल्या. भांडून कुठे जाणार? त्या वेळी परतीची बस नाही, जीपवाला केव्हाच निघून गेलेला. तंबू घेतला. चेन तुटलेली, आतली गादी ओलसर, कोपऱ्यात आधीच्या लोकांची वेफर्सची पाकिटं. संडास दोनच, आणि रांग तळ्यापर्यंत. पाणी एका पिंपात. बादलीवरून दोन बायका अशा भांडत होत्या की त्यांची मुलं बिचारी खाली मान घालून उभी होती.

जेवणाच्या रांगेत पाऊण तास गेला. आमची पाळी आली तोवर भाकरी संपल्या. भात आणि पाणीदार रस्सा तेवढा मिळाला. वाढणारा मुलगा फार तर सतरा-अठरा वर्षांचा असेल. लेकीने विचारलं, “दादा, काजवे कुठे आहेत?” तो घामाघूम झालेला, त्याने नुसता डाव हलवला, “तिकडं.” तिकडं म्हणजे त्या प्रसिद्ध झाडाकडे.

झाड होतं. चांगलं डेरेदार सादड्याचं झाड. त्याच्यावर फोकसचा झोत पडलेला, बुंध्याशी वीस-पंचवीस माणसं उभी, कुणी फांद्या हलवतंय, कुणी मोबाइलची बॅटरी लावून पानात शोधतंय. काजवा एकही नाही. आमच्यासमोर एकाने झाडावर दगडसुद्धा मारला. म्हणे, “हलवल्यावर चमकतात ते!”

इथे जरा थांबून तुम्हाला काजव्याचं सांगते, म्हणजे तिथे काय बिघडलं होतं ते कळेल. काजवा म्हणजे माशी नव्हे, तो भुंग्याच्या जातीचा कीटक. त्याच्या पोटाच्या टोकाशी ल्युसिफेरिन नावाचं द्रव्य असतं. ल्युसिफरेज नावाच्या विकराच्या मदतीने त्याचा हवेतल्या प्राणवायूशी संयोग झाला की उजेड पडतो. आपल्या जुन्या पिवळ्या बल्बमध्ये बहुतेक शक्ती उष्णतेत वाया जाते, काजव्याच्या दिव्यात उष्णता जवळजवळ नाहीच. आणि हा दिवा तो आपल्यासाठी लावत नाही हो! ती त्याची भाषा आहे. नर उडता उडता ठराविक ताल धरून उघडझाप करतो, मादी पानावरून किंवा गवतातून उत्तर देते. त्यावरून त्यांची जोडी जमते. मादी ओलसर मातीत अंडी घालते. त्यातून निघालेली अळी कित्येक महिने पालापाचोळ्यात राहते, गोगलगायी खाते. पंख फुटल्यावरचं आयुष्य मात्र थोड्या आठवड्यांचं. आता सांगा, फोकसच्या झोतात ही भाषा कुणाला दिसणार? आणि झाडाखालची माती शेकडो बुटांनी तुडवली तर अंडी, अळ्या राहणार कुठे?

हे सगळं मला ठाऊक होतं. वर्गात शिकवलेलं. तरीही मी त्याच गर्दीतली एक होते, पैसे भरून आलेली.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, जरी सांगताना लाज वाटते. जेवताना आम्हाला कशाबशा चार खुर्च्या मिळाल्या. मुलांचे बाबा पाणी आणायला गेले, तेव्हा त्यांच्या खुर्चीवर मी पिशवी ठेवली. एक सहा-सात वर्षांची मुलगी ताटली सावरत आली, “मावशी, बसू?” मी पटकन म्हणाले, “इथे माणूस आहे.” ती गेली, दगडावर बसून जेवली. माझी लेक माझ्याकडे बघत होती. काही बोलली नाही. शाळेत डबा वाटून खा म्हणून रोज सांगणारी मी! तिथली माणसं माणूसघाणी आहेत असं मी संध्याकाळपासून मनात म्हणत होते, त्यात माझीही भर पडली होती. मागाहून मी त्या मुलीला शोधलं, पण त्या गर्दीत ती काही सापडली नाही.

साडेदहा वाजले असतील. आम्ही तंबूबाहेर चटईवर बसलो होतो. लेक रडली नाही, पण तिने विचारलं, “आई, काजवे संपले का गं?” उत्तर काय द्यावं ते सुचेना. एवढ्यात जनरेटर खोकल्यासारखा आवाज करून बंद पडला.

फोकस गेले. गाणं गेलं. मिट्ट काळोख. क्षणभर सगळ्या तंबूंतून ‘अरेऽऽ’ असा आवाज उठला आणि विरला. डोळ्यांना काही दिसेना. मग भाच्याने माझा दंड दाबला. “मावशी, वर बघ!”

तळ्याच्या उलट बाजूला, उतारावर, बऱ्याच लांब, एक झाड पेटलं होतं. पेटलं म्हणजे कसं, तर सगळं झाड एकदम हिरवट उजळायचं, विझायचं, पुन्हा उजळायचं. जणू झाड श्वास घेत होतं. त्याच्या शेजारचं दुसरं झाडही मग तसंच करू लागलं. ती झाडं संध्याकाळपासून तिथेच होती, काजवेही तिथेच होते. आमच्याच उजेडाने आम्ही आंधळे झालो होतो. बहात्तर तंबू आणि चिडीचूप. कुणाचं तरी तान्हं बाळ तेवढं कुईकुई करत होतं. लेकीने माझा हात घट्ट धरला होता.

अर्धा मिनिट. फार तर पाऊण. मग कुणीतरी मोबाइलची बॅटरी लावली, ती बघून दुसऱ्याने, आणि बघता बघता शंभर-दीडशे पांढरे दिवे. “ए जनरेटर, अरे पैसे कशाचे घेता!” असा आरडाओरडा सुरू झाला. झाड गेलं. दहा मिनिटांत डिझेल आलं आणि गाणं जिथे थांबलं होतं तिथूनच पुढे सुरू झालं. रात्री दोनपर्यंत. आम्ही आडवे झालो, झोप कसली येतेय!

पहाटे उजाडताच निघालो. रस्त्याकडेला एका पडवीत चुलीवर चहा उकळत होता. चहावाल्या आजीबाईंनी आमची तोंडं बघूनच ओळखलं. “तंबूत व्हता जणू? झोप न्हाई झाली.” लेकीसाठी त्यांनी न मागता नाचणीची भाकरी आणि चटणी दिली. मी विचारलं, त्या खालच्या झाडावर काजवे नाहीत का बसत?

“पयले लई बसायचे. सारं झाड लागायचं बघा. आता दिवं आलं, ते वर सरकलं.”

“मग तुम्ही गावकरी काही म्हणत नाही?”

आजीबाई हसल्या. “काय म्हनायचं? एक भाताचं पीक. मंग आठ म्हैनं काय? माजा नातूच तिथं वाढाया असतो. तीन आठवड्यांचं पैसं घरात येत्यात, त्यावर पोरीची शाळा व्हते.”

म्हणजे काल डाव हलवणारा तोच तो मुलगा! मी गप्प बसले. रात्रभर मनात जुळवलेलं तक्रारीचं पत्र एकदम अवघड झालं. भाकरीचे पैसे त्यांनी घेतले नाहीत. चहाचे तेवढे घेतले.

परतीच्या एस.टी.त लेक खांद्यावर झोपली. उठल्यावर तिने विचारलं, “ती खुर्चीवाली मुलगी होती ना, तिने पाहिलं असेल का गं झाड?” मी म्हटलं, “असेल.” खरं तर मला काय माहीत?

१५ जूनला शाळा उघडली. वर्गाने आल्या आल्या गोष्ट मागितली. मी काहीही न गाळता सांगितली. तंबू, बादली, खुर्चीसुद्धा. पाऊण मिनिटांच्या झाडापाशी आले तेव्हा वर्ग अगदी शांत झाला. मग मागच्या बाकावरून एक हात वर आला. कधीच न बोलणारा मुलगा तो.

“बाई, बारीच्या वर माझ्या मामाची वाडी हाये. तिथं अजून रस्त्यावर दिवं न्हाईत. मामाच्या उंबराखाली बसलं ना, तर अंगावर येत्यात.” मग जरा थांबून म्हणाला, “पण बाई, समद्यांनी न्हाई यायचं. तुमी आन् तुमची पोरगी या. आन् मोबाइल घरी ठिवून या.”