कुक्षीवृंत एक की दोन?

झोप उडालेल्या माणसाला शंखपुष्पी सुचवणारे आपल्या शहरात पावलोपावली भेटतात. जुन्या शहरातल्या काष्ठौषधींच्या दुकानात ती मागा. करड्या-हिरव्या चूर्णाची पुडी लगेच हातात पडते. त्या चूर्णाला ना पान, ना फूल. नाव तेवढे दुकानदाराच्या तोंडचे.

आयुर्वेदाच्या शासकीय औषधीकोशातली शंखपुष्पी म्हणजे कॉन्व्हॉल्व्ह्युलस प्लुरिकॉलिस, जमिनीलगत पसरणारी, पांढरट-गुलाबी फुलांची. आपल्या मुरमाड माळावर पावसाळ्यात निळ्या टिकल्या फुटतात ती विष्णुक्रांता. तीही याच नावाने खपते. केरळात तर हा मान गोकर्णीला. ब्राह्मीचेही तसेच. गोल पानांचा कारिवणा आणि चिखलात वाढणारी, बारीक मांसल पानांची नीरब्राह्मी ही दोन वेगळ्या कुळांतली झाडे. बाजारात दोन्ही ब्राह्मीच. कोणी म्हणेल, सगळी गुणाचीच ना? असतील. पण एकीवर झालेला अभ्यास दुसरीच्या पुडीवर कसा चिकटवणार? सर्पगंधेच्या मुळीने रक्तदाब उतरतो, हे मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकिलांनी १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये मांडले. इतक्या ताकदीच्या मुळीत तर गफलत परवडतच नाही.

सोनेरी महालाच्या बाजूला, विद्यापीठाच्या माळावर श्रावणातल्या सकाळी वाकून बघावे. विष्णुक्रांतेचे फूल नखाएवढे, दुपारपर्यंत मिटणारे. भिंग लावले की आत दोन कुक्षीवृंत, म्हणजे पराग झेलणाऱ्या कुक्षीचे नाजूक देठ, दिसतात, प्रत्येकाला पुन्हा फाटा. शास्त्रातल्या शंखपुष्पीत कुक्षीवृंत एकच, टोकाला दोन कुक्षी. दोघी बहिणी-बहिणी वाटाव्यात अशा, आणि फरक केसाएवढा.

हा केसाएवढा फरक जपणारी माणसे मला फार आवडतात. व्ही. एन. नाईक त्यांतले. याच विद्यापीठात शिकवता शिकवता त्यांनी मराठवाड्याच्या वनस्पती धुंडाळल्या. १९९८ मध्ये त्यांचा ‘फ्लोरा ऑफ मराठवाडा’ हा ग्रंथ आपल्याच शहरातून निघाला. वनस्पतिसंग्रहातला कागद पाहिलाय कधी? दाबून वाळवलेली फांदी, कोपऱ्यात चिठ्ठी: गाव, तारीख, गोळा करणाऱ्याचे नाव आणि फुलाचा रंग. रंग लिहावाच लागतो, कारण वाळल्यावर निळे काय नि गुलाबी काय, सगळे तपकिरी. पुढे कोणाला शंका आली तर तोच कागद पुन्हा उघडता येतो. मन निवांत करणाऱ्या औषधाची भिस्त अशा कायम शंकेखोर माणसांवर असावी, याची मला गंमत वाटते.

चूर्णाचीही तपासणी होते. सूक्ष्मदर्शकाखाली पानावरची लव दिसते, प्रयोगशाळेत रसायनांचे ठसे जुळवतात. घरबसल्या ते कुठले जमायला! म्हणून मी चूर्ण घेत नाही, अख्खे वाळलेले पंचांग मागतो. दुकानदाराच्या कपाळाला आठी पडते, तोवर मागचे गिऱ्हाईक घाई करू लागते. काड्यांत एखादे सुकलेले फूल निघालेच, तर ते कोमट पाण्यात टाकायचे, पाकळ्या सुटू द्यायच्या आणि सुईच्या टोकाने उलगडून मोजायचे: एक की दोन?