बाईक कुठली घेऊ?

आमच्या हापिसात दर तीन-चार महिन्यांनी कुणीतरी मला चहाच्या टपरीवर बाजूला घेतं आणि आवाज खाली आणून, जणू पेपर टाकल्याची बातमी सांगतोय अशा थाटात विचारतं, "बाईक घ्यायचीये रे. कुठली घेऊ?"

माझी डिग्री मेकॅनिकलची आणि पोट जावावर चालतं (प्रोग्रामिंगची जावा, मोटरसायकलची नव्हे!). त्यामुळे या विषयात मला काहीतरी कळतं असा लोकांचा समज आहे. खरं तर विचारणाऱ्याचं आधीच ठरलेलं असतं. यूट्यूबवर चाळीस व्हिडिओ बघून झालेले असतात, ती सुंदरी मोबाईलच्या वॉलपेपरवर येऊन बसलेली असते. माझ्याकडून फक्त "घे रे बिनधास्त" एवढंच हवं असतं. मी मात्र तीन प्रश्न विचारतो. रोजचा रस्ता कुठला? गाडी ढकलणार कोण? आणि मागे कोण बसणार?

आता तुम्ही म्हणाल, हे काय भलतंच! सीसी नाही, मायलेज नाही, टॉप स्पीड नाही... सांगतो. पण त्याआधी, मुळात बाईक कशाला हवी?

डोंबिवलीकराला हे समजावून सांगायची गरज नसावी. सकाळच्या फास्ट लोकलमध्ये आपण चढत नाही, चढवले जातो. कुठे उभं राहायचं, कुठल्या कुशीवर कलायचं, हात वर ठेवायचा की खाली, सगळं गर्दी ठरवते. बाईकवर बसलं की नेमकं उलटं होतं. प्रत्येक निर्णय आपला. गिअर कधी टाकायचा, त्या रिक्षाच्या डावीकडून जायचं की गपचूप मागे राहायचं, चहाला कुठे थांबायचं... आणि यातलं बरंचसं डोक्यानं नाही, अंगानं ठरवायचं असतं. उदाहरणार्थ, वेगात असताना उजवीकडे वळायचं तर हँडलची उजवी बाजू हलकेच पुढे ढकलावी लागते. म्हणजे चाक क्षणभर डावीकडे जातं, गाडी उजवीकडे कलते आणि वळते. याला काउंटरस्टिअरिंग म्हणतात. कागदावर मांडायचं तर घाम फुटेल, पण रोज बाईक चालवणारा कुठलाही दूधवाला हे न शिकता करतो. दिवसभर स्क्रीनसमोर फक्त बोटं हलवणाऱ्या माणसाला, आपल्या शरीराला इतकं काही येतं, हे कळण्याचा आनंद काय वर्णावा!

असो. तर प्रश्न पहिला, रोजचा रस्ता.

माझं घर डोंबिवलीत, हापिस ठाण्यात घोडबंदर रोडला. पूर्वी दोनच पर्याय होते : कल्याण-शीळ रस्त्यानं शीळफाटा आणि मुंब्रा बायपास, नाहीतर कल्याणला वळसा घालून भिवंडी बायपास. आता मोठागाव-माणकोली पूल झाल्यापासून खाडी ओलांडली की थेट नाशिक हायवे. ऐकायला झकास वाटतं. प्रत्यक्षात माणकोलीला भिवंडीच्या गोदामांकडे निघालेले कंटेनर, पुढे मेट्रोच्या कामांनी अडवलेल्या लेन, आणि पावसाळ्यात खड्डा की डबकं हे ओळखायचा खेळ.

आणि ज्या रस्त्यांची आपण स्वप्नं बघतो, तिथे आपल्याला प्रवेशच नाही. पुण्याच्या एक्सप्रेसवेवर दुचाकीला बंदी. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू सुरू झाला, तिथेही बंदी. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला उघडला. आमणे म्हणजे आमच्या शेजारच्या भिवंडी तालुक्यातलं गाव. महामार्ग दारात आला, पण बाईकवाल्यानं तो लांबूनच बघायचा!

म्हणून मी आकडे बघताना सगळ्यात मोठा आकडा बघत नाही, तो कुठे मिळतो ते बघतो. यामाहाची आर-फिफ्टीन घ्या. इंजिन १५५ सीसी, ताकद साधारण १८ हॉर्सपॉवर. रॉयल एनफिल्डची क्लासिक ३४९ सीसीची, ताकद साधारण २०. म्हणजे इंजिन दुपटीहून मोठं आणि ताकदीत फरक जेमतेम दोन घोड्यांचा! गंमत कुठे आहे? पॉवर म्हणजे टॉर्क गुणिले फेरे. आर-फिफ्टीन आपली पूर्ण ताकद मिनिटाला १०,००० फेऱ्यांवर देते, क्लासिक ६,१०० वर. आर-फिफ्टीनचा जास्तीत जास्त टॉर्क १४ न्यूटन-मीटर आणि तो ७,५०० फेऱ्यांवर, क्लासिकचा २७ आणि तो ४,००० वरच. थोडक्यात, आर-फिफ्टीनचं दुकान उशिरा उघडतं. उघडलं की माल एक नंबर, यात वाद नाही. पण शीळफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये, फर्स्ट-सेकंड-फर्स्ट करत, तुम्ही तिथवर पोचणार कसे? गाडी वाईट नाही हो... रस्ता तिचा नाही.

"म्हणजे क्लासिक घेऊ ना?" समोरच्याचे डोळे चमकतात. थांबा. प्रश्न दुसरा, ढकलणार कोण?

बाईक चालवण्याचे व्हिडिओ शेकड्यानं मिळतील, पार्किंगमधून बाहेर काढण्याचा एकही नाही. क्लासिकचं वजन १९५ किलो. आमच्यासारख्या जुन्या सोसायटीत गाडी लावायची ती पाण्याची मोटर आणि जोशीकाकूंची बंद पडलेली स्कूटर यांच्यामधल्या फटीत. रोज सकाळी ती उलटी ओढून बाहेर काढायची. उतारावर, पावसात, घाईत. जिममध्ये न जाणाऱ्याला चांगला व्यायाम आहे, पण एकदा का तोल जाऊन झुकली की १९५ किलो कुणाच्या बापाला आवरत नाही. सीटच्या उंचीचंही तेच. आर-फिफ्टीनची ८१५ मिलिमीटर, क्लासिकची ८०५. उंच माणसाला काहीच फरक पडत नाही. बुटक्या माणसाला सिग्नलला पाय टेकताना खाली नेमका खड्डा असला की दहा मिलिमीटर म्हणजे काय ते कळतं.

आमच्या टीममध्ये एक मुलगी आहे, पाच फूट एक इंच. डोंबिवली ते ऐरोली एकटीच जाते. सगळ्यांनी स्कूटर सुचवली. तिला गिअरचीच हवी होती. मी तिला वरचे प्रश्न विचारले आणि तिनं घेतली चक्क स्प्लेंडर! ११२ किलो, सीट ७८५ मिलिमीटर. १९९४ पासून चालत आलेलं नाव, कुठल्याही नाक्यावर दुरुस्त होणारी गाडी. पोरांनी "दूधवाली" म्हणून चिडवलं. ती ट्रॅफिकमधून सुईसारखी निघून जाते आणि चिडवणारे मागे हॉर्न वाजवत बसतात :)

(बादवे, २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या बाईक्सवर जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला आणि त्यावरच्यांवर ४०. तेव्हा चारशे सीसीकडे डोळा असणाऱ्यांनी आधी कॅल्क्युलेटर काढावा.)

आता प्रश्न तिसरा. मागे कोण बसणार? हा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि नेमका हाच कुणी विचारत नाही.

१९८५ च्या हिरो होंडा सीडी-१०० नं आपल्याकडे मायलेज विकलं. नवरा, बायको, मधे पोर आणि हँडलला भाजीची पिशवी, असा तिचा संसार. २००१ मध्ये पुण्याच्या बजाजनं पल्सर आणली आणि बाईक ही रुबाबाची, पुरुषी गोष्ट झाली. तेव्हापासून जाहिरातीतला माणूस बहुतेक एकटाच असतो. डोंगर, ढग, लेदर जॅकेट आणि हा. मागची सीट लहान लहान होत उंच चढत गेली. आता काही गाड्यांवर ती सीट आहे की मांजर बसायची जागा असा प्रश्न पडतो.

माझ्या मागे बसणार होते बाबा. चौतीस वर्षं डोंबिवली-व्हीटी केलेला माणूस. घरात कधी दुचाकी नव्हती आणि यायलाही नको, असं त्यांचं ठाम मत. मी विषय काढल्यावर ते भांडले नाहीत. एका संध्याकाळी कागदावर लिहिलेला आकडा माझ्यापुढे ठेवला. १,६८,४९१. केंद्र सरकारच्या अहवालातला. २०२२ या एका वर्षात देशात रस्त्यावर मेलेली माणसं. खाली लिहिलं होतं, "यातले ४४.५ टक्के दुचाकीवरचे." आणि म्हणाले, "ह्यात तू नको."

मी म्हटलं, बाबा, ९ जून २०२५ ला मुंब्र्याच्या वळणावर लोकलच्या दारातून माणसं पडली, जीव गेले, ती तर दुचाकीवर नव्हती. बाबा गप्प झाले. मीही. त्या वळणावर ते स्वतः किती वर्षं दारात लटकले होते हे दोघांनाही ठाऊक होतं. वाद जिंकल्यासारखं अजिबात वाटलं नाही. आणि खरं बोलायचं तर आकडे बाबांच्याच बाजूचे होते. अपघातात गाडीवाल्याभोवती पत्रा असतो, बाईकवाल्याभोवती फक्त हवा. सगळे निर्णय आपले, हा बाईकचा आनंद म्हटलं ना, त्याच वाक्याची ही दुसरी बाजू. आनंद हवा तर ही बाजूही घ्यावी लागते.

मग आम्ही दोघं शोरूमला गेलो. आर-फिफ्टीनच्या मागच्या सीटकडे बघून बाबा म्हणाले, "हे माळ्यावर चढण्यासारखं आहे." गुडघ्याचं दुखणं असलेल्या माणसाला पाय तेवढा वर न्यायचा म्हणजे शिक्षाच. क्लासिकवर ते नीट बसले, पण चढताना त्यांनी माझ्या खांद्यावर भार टाकला तेव्हा गाडी, बाबा आणि मी, अशा तिघांचा तोल माझ्या दोन पायांवर आला. शेवटी कोपऱ्यातली होंडा युनिकॉर्न. २००४ पासूनचं नाव. आता १६२.७ सीसी, सुमारे १३ हॉर्सपॉवर, १३९ किलो. सीट ७१५ मिलिमीटर लांब आणि सपाट, बाकासारखी. बाबांनी मागची दांडी धरली, पाय टाकला, बसले आणि तिथूनच सेल्समनला विचारलं, "एबीएस आहे का?"

मी बघतच राहिलो. आकड्याच्या पुढचंही त्यांनी वाचलं होतं तर! ब्रेक मारला की सगळं वजन पुढच्या चाकावर येतं, त्यामुळे थांबवण्याचं मुख्य काम पुढचा ब्रेक करतो. आणि ओल्या रस्त्यावर तोच चाक जाम झालं तर माणूस आडवा. एबीएस ते चाक जाम होऊ देत नाही. १२५ सीसीच्या वरच्या नव्या मॉडेल्सना ते एप्रिल २०१८ पासून आणि सगळ्याच गाड्यांना एप्रिल २०१९ पासून सक्तीचं झालं. त्याखालच्यांना तेव्हा दोन्ही ब्रेक एकत्र लावणाऱ्या सीबीएसवर भागवलं होतं. युनिकॉर्नला पुढच्या चाकाला एबीएस आहे. बाबा म्हणाले, "मग हीच."

हापिसात सगळ्यांनी "अंकल बाईक" म्हणून उद्धार केला. केला तर केला.

पहिल्या रविवारी पहाटे साडेपाचला आम्ही कल्याण-मुरबाड रस्त्याला लागलो. दोघांच्याही डोक्यावर आयएसआयचं हेल्मेट, पट्टा लावून. म्हारळ, वरप, कांबा मागे पडलं तशी इमारतींची गर्दी विरळ होत गेली. सुरुवातीला बाबा वळणावर उलट्या बाजूला कलत होते, लोकलच्या दारातली सवय! दोन-चार वळणांनी माझ्याबरोबर कलायला लागले. गाडी चाळीस-पन्नासच्या पुढे नव्हती. रायत्याला उल्हास नदीचा पूल आला, एकदम गार हवा अंगावर आली आणि बाबांनी खांद्यावर थाप मारली. "जरा थांब."

पूल ओलांडून कडेला थांबलो. त्यांनी हेल्मेट काढलं आणि दहा मिनिटं नदीकडे बघत उभे राहिले. मग म्हणाले, "इतकी वर्षं प्रवास केला, पण आपल्याला हवं तिथे कधी थांबलो नाही. गाडी थांबायची ती सिग्नल नसला की."

माळशेजपर्यंत जायचं असं माझं ठरलं होतं. आम्ही मुरबाडला मिसळ खाऊन परत फिरलो.

तर मंडळी, बाईक घ्यायची असेल तर शोरूमच्या गल्लीत चक्कर मारून परत येऊ नका. जमलं तर आपल्या रोजच्या रस्त्यावर चालवून बघा, बंद इंजिनात एकदा मागे ढकलून बघा, आणि जो मागे बसणार आहे त्याला घेऊन जा. त्याला आधी चढू द्या, मग किंमत विचारा. आणि हो, हेल्मेटं दोन घ्या.